मुलांमधील जन्मजात हृदयविकार आणि आपली जबाबदारी

(पालक-मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्तारून लिहिले आहे.)





आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात नक्कीच आले असेल की, हृदयविकार हा डॉक्टरांचा विषय. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या बी. ए., बी. एड. मास्तरांचे येथे काय काम? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तरही सोपे आहे. डॉक्टर मुलाला पाच-दहा मिनिटे पाहतो. आई त्याला रात्रंदिवस पाहते आणि शिक्षक त्याला वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाहतो. जन्मजात हृदयविकार ओळखण्याचे यंत्र शहरात असते हे खरे, परंतु त्या यंत्रापुढे मुलाला नेले पाहिजे ही जाणीव घरात किंवा शाळेत झाली नाही, तर ते यंत्र असून नसल्यासारखेच. आपल्यासारख्या विकसनशील देशांत निदानाची साखळी बहुधा या पहिल्याच कडीपाशी तुटते. म्हणून आज मी आपल्याशी बोलत आहे ते या पहिल्या कडीविषयी.

प्रथम हृदयाची थोडी ओळख करून घेऊ. ज्याच्या त्याच्या बंद मुठीएवढा हा अवयव म्हणजे चार खोल्यांचे घर. दोन खोल्या वर, दोन खाली. शरीरभर फिरून परत आलेले, प्राणवायू कमी झालेले काळपट रक्त उजव्या बाजूस येते आणि तेथून फुप्फुसांकडे पाठवले जाते. फुप्फुसांत प्राणवायू घेऊन लालभडक झालेले रक्त डाव्या बाजूस उतरते आणि महारोहिणीवाटे सर्व शरीराला पोहोचते. दोन्ही बाजूंच्या मध्ये भिंत असते, त्यामुळे दोन प्रकारचे रक्त एकमेकांत मिसळत नाही.

या मधल्या भिंतीला एक इतिहास आहे आणि तो विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन याने सांगून ठेवले होते की, या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. हजार वर्षांहून अधिक काळ विद्वानांनी ते प्रमाण मानले. दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत वैद्यकी केलेले इब्न अल-नफीस यांनी १२४२ च्या सुमारास इब्न सीनांच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना हे मत साफ नाकारले. ही भिंत घट्ट आहे, तिला दिसणारे वा न दिसणारे छिद्र नाही, म्हणून रक्त उजवीकडून डावीकडे जायचे तर ते फुप्फुसांतूनच गेले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. त्या भाष्याचे हस्तलिखित १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या पाहण्यात आले, तेव्हा कुठे जगाला त्याची नव्याने माहिती झाली. थोरांनी सांगितले म्हणून डोळे मिटून मानू नये, स्वतः पाहावे, हा धडा त्यात आहे.

निरोगी हृदयात या भिंतीला छिद्र नसते. पण काही बालकांच्या बाबतीत ती गर्भातच पुरती जुळत नाही आणि छिद्र राहून जाते. काहींची झडप अरुंद असते, काहींच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, तर काहींची गर्भात लागणारी एक वाहिनी जन्मानंतर बंद व्हायची ती उघडीच राहते. या सर्वांना मिळून जन्मजात हृदयविकार म्हणतात. हृदयाची ही घडण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत होते. कित्येकदा तोवर आईला दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. म्हणून सुनेने ग्रहणात काही चिरले, ती ओझे उचलून चालली, तिने अमुक खाल्ले, अशा कारणांनी तिला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या गोष्टींचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

हा विकार फार विरळा आहे असे आपण समजतो, पण तसे नाही. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे आठ ते नऊ बालकांत तो आढळतो. ज्या पंचक्रोशीत वर्षाला शंभर-सव्वाशे बाळंतपणे होतात, तेथे दरवर्षी एखादे तरी असे मूल जन्माला येते असा याचा अर्थ. आपल्या देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुले हा विकार घेऊन जन्मतात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे आणि त्यांतील सुमारे एक पंचमांश मुलांना पहिल्या वर्षाच्या आतच उपचाराची गरज असते. उरलेल्यांत सौम्य विकार पुष्कळ असतात. लहान छिद्रे तर कित्येकदा आपोआप बुजून जातात. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. कोणाचे छिद्र लहान आणि कोणाचे मोठे हे मात्र तपासल्याशिवाय कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे निदान का निसटते?

पहिले कारण असे की, जन्मल्याबरोबर बाळ ठणठणीत दिसू शकते. गर्भात असताना फुप्फुसांना वळसा घालून जाणारी एक वाहिनी असते, ती जन्मानंतर काही तास ते काही दिवस उघडी राहते. गंभीर विकार असलेले बाळही तेवढ्या काळात तिच्या आधारावर तग धरते. आपल्याकडे बाळ-बाळंतीण एक-दोन दिवसांत घरी येतात. मग तिसऱ्या, पाचव्या किंवा आठव्या दिवशी ती वाहिनी मिटू लागते आणि बाळ एकाएकी निस्तेज होते, पिणे सोडते. त्या वेळी जवळ डॉक्टर नसतो, आई आणि दादी असतात.

दुसरे कारण म्हणजे दुसऱ्या रोगांचा मुखवटा. ज्या हृदयात मोठे छिद्र आहे त्यातून फुप्फुसांकडे गरजेपेक्षा फार जास्त रक्त जाते. परिणामी अशा मुलाला पुन्हा पुन्हा न्युमोनिया होतो, त्याला धाप लागते, त्याचे वजन वाढत नाही. न्युमोनिया आणि कुपोषण ही तर गरीब देशांची नेहमीचीच दुखणी. दर वेळी औषध मिळते, ताप उतरतो, मूल घरी येते. पण वर्षात हे तिसऱ्यांदा का झाले, असे कोणी विचारत नाही. ‘दृष्ट लागली’, ‘अंगाला लागत नाही’, ‘बाळसे धरत नाही’ म्हणून ताईत बांधला जातो. दुवा जरूर करावी, पण दुवा करून दवाखान्याची वाटही धरावी. दोहोंत विरोध नाही.

तिसरे कारण रक्तक्षयाचे. काही विकारांत काळपट रक्त थेट शरीरात मिसळते आणि मूल निळसर दिसते. हा निळेपणा रक्तातील तांबड्या द्रव्यावर, म्हणजे हिमोग्लोबिनवर अवलंबून असतो. ज्या मुलाच्या अंगात रक्तच कमी, त्याच्यावर निळेपणा उठून दिसत नाही. ते नुसते फिके दिसते. शिवाय सावळ्या वर्णावर आणि घरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली तो लक्षात येणे आणखी अवघड. म्हणून रंग पाहायचा तर गालांचा पाहू नये. दिवसाच्या उजेडात मुलाची जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहावी. नवजात बाळाचे हातपाय थंडीने निळसर होतात, त्यात काळजीचे काही नसते. जीभ निळसर दिसली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

माता-भगिनींनो, आता काही खुणा सांगतो. त्या ओळखायला कोणतेही शिक्षण लागत नाही.

तान्ह्या बाळासाठी दूध पिणे हाच मोठा व्यायाम असतो. आपल्याला जिना चढताना जे होते ते त्याला पिताना होते. जे बाळ दोन घोट घेऊन थांबते, दम खाते, पुन्हा ओढते, पिता पिता ज्याच्या कपाळावर घाम डवरतो आणि पोट भरण्याआधीच थकून झोपी जाते, त्या बाळाचे हृदय तपासून घेतलेच पाहिजे. दुसरी खूण श्वासाची. बाळ शांत किंवा झोपलेले असताना त्याच्या पोटाकडे पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर ती गती जास्त समजावी आणि मुलाला दाखवावे. तिसरी खूण वजनाची. अंगणवाडीतील वजनाचा तक्ता घडी करून ट्रंकेत ठेवण्यासाठी नसतो. त्यावरची रेघ दोन-तीन महिने आडवी राहिली तर कारण शोधावे.

मोठ्या मुलांच्या खुणा वेगळ्या. बरोबरीच्या मुलांबरोबर धावताना मागे पडणे, चढणीवर पुन्हा पुन्हा थांबणे, बोटांची टोके फुगीर होऊन नखे गोलसर दिसणे, खेळताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे. यांपैकी काहीही दिसल्यास ‘आळशी आहे’, ‘नाटके करतो’ असा शेरा मारू नये.

आमच्या शाळेत पाचवीत एक मुलगी होती. कवायतीच्या तासाला मैदानाची एक फेरी झाली की ती बाजूला जाऊन गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसे. दोन मिनिटांनी उठे, पुन्हा चार पावले चाले, पुन्हा बसे. वर्गातल्या मुली तिला हसत. शाळेकडे येणारी घाटी ती तीनदा बसून चढे. घरच्यांना ही तिची सवय वाटे. त्या वर्षी आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी तिची नखे पाहिली, जीभ पाहिली, छातीला नळी लावली आणि मला विचारले, “ही खेळताना उकिडवी बसते का?” मुलीने काही सांगण्याआधीच त्यांना ते कळले होते. अशा बसण्याला कारण असते. पाय दुमडल्याने पायांकडील रक्तवाहिन्या दबतात आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. त्या लेकराला कोणी न शिकवता आपल्या दुखण्यावरचा उतारा सापडला होता. आपण मोठी माणसे तो पाहत होतो, पण त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नव्हता. तो ठाऊक व्हावा म्हणूनच हे भाषण.

तिच्या विकाराला फॅलोचा चतुर्विकार म्हणतात. आर्थर फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यात भिंतीला छिद्र असते आणि फुप्फुसांकडे जाणारी वाटही अरुंद असते. अशा मुलाला कधी कधी निळेपणाचा झटका येतो. मूल रडून रडून काळेनिळे पडते, श्वास जोरात चालतो. तेव्हा त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावे, त्याला शांत करावे आणि तडक रुग्णालय गाठावे.

या विकारावरील पहिल्या उपचाराची हकीगत विद्यार्थ्यांसाठी सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील डॉ. हेलन टॉसिग यांना लहानपणी वाचताना अक्षरे लागत नसत. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांना कमी ऐकू येऊ लागले. हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येऊ नये याहून मोठी अडचण कोणती? त्यांनी मुलांच्या छातीवर हात ठेवून बोटांनी हृदयाची चाल ओळखण्याचा अभ्यास केला. निळ्या मुलांच्या फुप्फुसांकडे जादा रक्त वळवता येईल ही कल्पना त्यांची. ती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून पाहिली व्हिव्हियन टॉमस यांनी. हे कृष्णवर्णीय गृहस्थ सुतारकाम करीत होते. कॉलेजसाठी साठवलेले पैसे बँक बुडाल्याने गेले आणि पदवी राहिली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथे शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या बालिकेवर ती शस्त्रक्रिया केली, तेव्हा टॉमस त्यांच्या मागे उभे राहून पावलोपावली सूचना देत होते. त्या बालिकेचे आयुष्य काही महिन्यांनीच वाढले, पण तिच्यामुळे पुढच्या हजारो मुलांची वाट मोकळी झाली. टॉमस यांना त्याच विद्यापीठाने १९७६ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. परिस्थितीने शिक्षण अडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे नाव वहीत लिहून ठेवावे.

आता डॉक्टर काय करतात ते पाहू, म्हणजे पालकांची भीती कमी होईल. तपासणीची सुरुवात साध्या साधनांनी होते. डॉक्टर मुलाचा रंग पाहतात, श्वास मोजतात, हाताची आणि जांघेतील नाडी एकाच वेळी चाचपतात. जांघेतील नाडी लागत नसेल तर महारोहिणी कुठेतरी अरुंद असल्याचा संशय येतो. छातीला नळी लावून ते आवाज ऐकतात. निरोगी मुलांपैकी पुष्कळांच्या हृदयातही वाढत्या वयात मंद सरसर ऐकू येते. तेव्हा ‘आवाज आहे’ एवढ्या शब्दावरून रडारड करू नये. कोणता आवाज निरुपद्रवी आणि कोणता नाही, हे ठरवण्यासाठी बॉस्टनचे डॉ. नाडास यांनी काही कसोट्या बसवून दिल्या, त्या आपल्याकडील बालरोगतज्ज्ञ आजही वापरतात. मोठा खरखरीत आवाज, ठोक्यांच्या विसाव्याच्या काळात येणारा आवाज, निळेपणा आणि हृदय थकल्याची लक्षणे या चार मोठ्या कसोट्या. सौम्य आवाज, दुसऱ्या ठोक्यातील बदल आणि कार्डिओग्राम, छातीचा एक्स-रे किंवा रक्तदाबातील दोष या पाच लहान. एक मोठी किंवा दोन लहान जुळल्या की हृदयविकाराचा संशय धरून पुढे पाठवायचे. जेथे मोठे यंत्र नाही अशा तालुक्याच्या ठिकाणीही हे करता येते.

बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र तर २०२० च्या कोरोनाच्या साथीत आपल्या घरोघर पोहोचले. नवजात बाळासाठी त्याचा वेगळा पट्टा असतो, मोठ्यांचा चिमटा बाळाला चालत नाही. जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला तो पट्टा लावून मोजमाप घेतात. आकडा ९५ च्या खाली असेल किंवा हातापायांत तीनहून अधिक फरक असेल तर पुन्हा मोजतात, आणि ९० च्या खाली असेल तर लगेच पुढची तपासणी करतात. बाळाला टोचावे लागत नाही, काही मिनिटांत काम होते. अमेरिकेत २०११ सालापासून सर्व नवजात बालकांसाठी याची शिफारस आहे. आपल्याकडे ते सर्वत्र आपोआप होईलच असे नाही. म्हणून बाळंतपणानंतर घरी निघण्यापूर्वी बाळाच्या बापाने डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, “बाळाचा प्राणवायू हाताला-पायाला मोजला का?” एवढे एक वाक्य लक्षात ठेवावे.

शेवटची तपासणी ‘टू-डी एको’. हे नाव ऐकून लोक घाबरतात. यात कापाकापी नाही, एक्स-रेही नाही. आपल्या ट्रॉलरवर माशांचा थवा शोधणारे यंत्र असते ना? पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते ओळखायचे, तेच तत्त्व. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतील भेगा शोधणारे यंत्र आणून त्यावर हृदयाच्या हालचालीची नोंद घेतली. आज त्याच मार्गाने छिद्र कोठे आहे, केवढे आहे, रक्त कोणत्या दिशेने वाहते, हे पडद्यावर दिसते. बाळ पोटात असताना १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यानही हृदयाची अशी पाहणी करता येते. मोठा दोष आढळल्यास बाळंतपण कोणत्या रुग्णालयात करायचे ते आधी ठरवता येते.

पण खर्च? हा प्रश्न कोणीही विचारील. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात. तपासायच्या ठरलेल्या विकारांत जन्मजात हृदयविकार आहे. संशय आल्यास मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते आणि गरज पडल्यास मान्यताप्राप्त रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय केली जाते. शेजारच्या देशांत आणि आफ्रिकेतील कित्येक देशांत ही सोय जवळपास नसते. २००३ साली लाहोर-दिल्ली बस पुन्हा सुरू झाली तेव्हा पाकिस्तानातील दोन-अडीच वर्षांची एक मुलगी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी बंगळूरला आणावी लागली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. केरळ सरकारने २०१७ पासून ‘हृद्यम्’ योजनेत अशा बालकांची नोंदणी एका जागी करून त्यांना रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था केली. मन असले की विकसनशील प्रदेशातही हे होऊ शकते. आपण आपल्यापुरते एवढे करावे की, तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, पाठवलेल्या चिठ्ठीकडे दुर्लक्ष करू नये आणि शिधापत्रिका, जन्माचा दाखला ही कागदपत्रे नीट ठेवावीत.

आता थोडे कटू बोलतो. माफ करा.

त्या पाचवीतल्या मुलीच्या घरी मी चिठ्ठी घेऊन गेलो. वडील आखातात नोकरीला. दादी म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण पोरीच्या छातीवर टाक्यांची खूण राहिली तर उद्या तिला करील कोण? मुलगा असता तर गोष्ट वेगळी.” दादींच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, होती ती काळजीच. पण ही काळजी किती घरांत मुलींचा जीव घेते? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या ४०५ मुलामुलींचा डॉक्टरांनी पुढे मागोवा घेतला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत वर्षभरात मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती, मुलींपैकी मात्र ४४ टक्क्यांचीच. डॉक्टर तेच, रुग्णालय तेच, सल्लाही तोच. फरक पडला तो घरात.

आणि उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो. मोठ्या छिद्रातून वर्षानुवर्षे जोराने रक्त जात राहिले की फुप्फुसांतील वाहिन्या जाड व कठीण होतात. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ साली या अवस्थेचे वर्णन केले. एकदा ती अवस्था आली की मग पैसा असो, वशिला असो, निष्णात शल्यविशारद असो, छिद्र बुजवता येत नाही. कारण बुजवले तर जीव जातो. जे काम पहिल्या वर्षात सुरक्षितपणे होऊ शकते ते ‘मोठी होऊ दे, मग बघू’ म्हणून ठेवल्यास कायमचे हातातून जाते. विकार लपवल्याने लग्न जमेलही, पण पहिल्या बाळंतपणात त्या मुलीचे काय होईल याचा विचार लपवणाऱ्याने केला आहे काय?

त्या मुलीच्या वडिलांनी फोनवर सर्व ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलले, “अम्मी, तारीख घ्यायला सांगा.” शस्त्रक्रिया मुंबईत झाली. ती मुलगी आता दहावीला आहे. घाटी न थांबता चढते. छातीवर खूण आहे आणि ती ती लपवत नाही.

प्रतिबंधाबद्दल दोन शब्द. सर्वच विकार टाळता येत नाहीत. तरी काही कारणे माहीत आहेत. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान व हृदय यांत दोष येऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध प्रथम दाखवला. २०१७ पासून आपल्या देशात गोवर-रुबेला लस टप्प्याटप्प्याने देण्यात आली आणि आता ती मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात आहे. तिच्याविषयीच्या अफवांना बळी पडू नका. गरोदरपणी साखर तपासून घ्यावी आणि मनाने औषधे घेऊ नयेत. आणखी एक नाजूक गोष्ट. सख्ख्या चुलत, मावस, आते-मामे भावंडांच्या विवाहांत या विकाराचा धोका काहीसा वाढतो असे अभ्यासांत दिसते. ही चाल आपल्यातच आहे असे नाही, मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. अशा विवाहांतून बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. पण धर्माने मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. घराण्यात आधी असे मूल झाले असेल, तर सोयरीक ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमचेही काम आहे. वर्गातला एखादा सोबती खेळताना मागे राहत असेल तर त्याला हसू नका, शिक्षकांना सांगा. घरी तान्हे भावंड असेल तर विज्ञानाच्या तासाला शिकलेली गोष्ट वापरा आणि घड्याळ घेऊन त्याचे श्वास मोजा. आकडा आईला सांगा.

पालकहो, मूल ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानतीची पहिली अट म्हणजे तिच्याकडे लक्ष ठेवणे. उद्या सकाळच्या उजेडात आपल्या मुलाची जीभ पाहा, नखे पाहा, वजनाचा तक्ता काढून पाहा. शंका आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. शंका खोटी ठरली तर आनंदच आहे. खरी ठरली तर वेळ हातात आहे. मुलगा असो वा मुलगी, ती वेळ दवडू नका.